औषधशाळेतील बाष्पक : पाण्याचे तापमान व प्रवाह यांचे नियोजन

आयुर्वेदीय औषधनिर्मितीत अग्नीचे स्थान काय आहे, हे वैद्यबंधूंना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मृदू, मध्यम व खर पाकाचा विचार करणाऱ्या आपल्या आचार्यांनी अग्नीला केवळ इंधन मानले नाही. तो औषधाचा एक घटकच मानला. परंतु भट्टीवरील कढई जाऊन तिच्या जागी वाफेवर चालणारी दुहेरी भिंतीची कढई आली, म्हणजे हा अग्नी आपल्या डोळ्यांआड जातो. तो बाष्पकाच्या, म्हणजेच नेहमीच्या भाषेत बॉयलरच्या, पोटात पेटतो आणि नळीतून आपल्यापर्यंत पोहोचतो. अशा वेळी अग्नीवर नियंत्रण ठेवण्याचे खरे साधन असते ते पाणी. बॉयलरमध्ये जाणारे पाणी किती उष्ण आहे, किती वेगाने जाते आणि त्यात काय विरघळलेले आहे, या तीन गोष्टींवर क्वाथाची प्रत, इंधनाचा खर्च आणि काम करणाऱ्या माणसाचा जीव अवलंबून असतो. या विषयाकडे आम्ही स्वतः बराच काळ दुर्लक्ष केले. म्हणून हा लेख.

जून २००० मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीत अनुसूची 'टी' आली आणि लहान औषधशाळांनाही जागा, स्वच्छता, यंत्रसामग्री व नोंदी यांचे बंधन लागू झाले. धुराने काळवंडलेली भट्टीची खोली तपासणीत टिकेना. आमच्या परभणी जिल्ह्यातील, तसेच शेजारच्या जिल्ह्यांतील अनेक व्यावसायिक त्यानंतरच्या काळात वाफेकडे वळले. बॉयलर विकणाऱ्याने माहितीपत्रक दाखवले, ताशी शंभर किलो वाफेचे यंत्र पसंत केले, कढईला नळी जोडली आणि काम सुरू झाले. पाण्याचा विचार कोणी केला नाही. छपरावरील टाकीतून एक नळी पंपाला जोडली, की पाण्याचा प्रश्न सुटला अशी सर्वांची समजूत होती.

प्रथम वाफेची गरज कशी काढावी हे पाहू. शार्ङ्गधर संहितेच्या परिभाषेनुसार सोळापट पाणी घालून अष्टमांश उरवावयाचे असा क्वाथ आपण करीत आहोत असे समजा. भरड २५ किलो घेतल्यास पाणी ४०० लिटर लागेल आणि शेवटी ५० लिटर उरेल. म्हणजे ३५० लिटर पाण्याची वाफ होऊन ती हवेत जाणार. ४०० लिटर पाणी २५ अंश सेल्सियसपासून उकळीपर्यंत आणण्यास सुमारे ३०,००० किलोकॅलरी उष्णता लागते. (परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच असल्यामुळे येथे पाणी ९८-९९ अंशालाच उकळते, पण हिशोबापुरते १०० धरण्यास हरकत नाही.) त्यानंतर ३५० लिटर पाणी उडवून लावण्यास प्रत्येक किलोस ५४० प्रमाणे १,८९,००० किलोकॅलरी लागतात. एकूण २,१९,०००. कढईच्या भिंतीत २ किलो दाबाची वाफ सोडली तर ती द्रवरूप होताना प्रत्येक किलोमागे सुमारे ५१७ किलोकॅलरी देते. म्हणजे ४२४ किलो वाफ. नळीतून, कढईच्या बाहेरील पृष्ठभागातून व अन्य मार्गांनी होणारी हानी वीस टक्के धरली तर साधारण ५१० किलो. काम सहा तासांत संपवावयाचे असल्यास ताशी ८५ किलो वाफ लागेल.

ताशी शंभर किलोचे यंत्र यास पुरेसे आहे, असे कोणीही म्हणेल. आम्हीही म्हटले होते. परंतु माहितीपत्रकातील शंभर किलो हा आकडा '१०० अंशाचे पाणी घेऊन १०० अंशाची वाफ' या गृहीतावर दिलेला असतो. प्रत्यक्षात आपण टाकीतील पाणी २५ अंशाला देतो आणि वाफ ५ किलो दाबाची घेतो. अशा वाफेत प्रत्येक किलोमागे एकूण ६५७ किलोकॅलरी उष्णता असते. त्यातील पाण्याने स्वतः आणलेल्या २५ सोडल्या, तर उरलेल्या ६३२ बॉयलरला पुरवाव्या लागतात. शंभर किलोच्या यंत्राची खरी शक्ती ताशी ५४,००० किलोकॅलरी. तिला ६३२ ने भागले, की ८५ किलो उरतात. म्हणजे गरजेइतकेच, गाठीला काहीही शिल्लक न ठेवता. तेच पाणी ८० अंशाला दिले तर वाफ ९३ किलो मिळते. यंत्र तेच, इंधन तेच, केवळ पाणी तापवून दिल्याने हा फरक पडतो. इंधनाच्या भाषेत सांगावयाचे तर आत जाणाऱ्या पाण्याचे तापमान सहा अंशांनी वाढले, की इंधनात सुमारे एक टक्का बचत होते.

हे तापलेले पाणी आणावयाचे कोठून? ते आपल्याच कढईत तयार होते. कढईच्या दोन भिंतींमध्ये उष्णता देऊन द्रवरूप झालेली वाफ ही शुद्ध, क्षाररहित व अत्युष्ण पाणीच असते. तिचा क्वाथाशी स्पर्श होत नाही. अनेक ठिकाणी हे पाणी गटारात सोडलेले आम्ही पाहिले आहे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे गाळलेल्या पाण्याहून शुद्ध पाणी मोरीत जावे, याला काय म्हणावे! हे पाणी नळीने परत बॉयलरच्या टाकीत आणावे. ऐंशी टक्के पाणी सुमारे ९८ अंशाला परत आले आणि वीस टक्के नवे पाणी ३० अंशाचे मिसळले, तर टाकीचे तापमान ८४ अंशांच्या आसपास राहते. वेगळा हीटर लागत नाही. एक सावधगिरी मात्र घ्यावी. कढईच्या आतील भिंतीस सूक्ष्म तडा गेल्यास क्वाथ या पाण्यात उतरू शकतो. परत येणारे पाणी रोज एकदा काचेच्या पेल्यात घेऊन पाहावे. रंग किंवा वास आल्यास ते टाकीत जाऊ देऊ नये व कढई तपासून घ्यावी.

तापमानानंतर प्रवाह. लहान बॉयलरचा पंप सतत चालत नाही. पाण्याची पातळी खाली गेली की सुरू होतो, वर आली की थांबतो. विक्रेते सहसा मोठा पंप देतात, कारण तो सहज उपलब्ध असतो. समजा, पंप ताशी ६०० लिटरचा आहे आणि तो पाच मिनिटे चालला. ५० लिटर पाणी आत गेले. ते २५ अंशाचे असल्यास ५ किलो दाबाच्या उत्कलनबिंदूपर्यंत, म्हणजे १५८ अंशांपर्यंत नेण्यास ६,६५० किलोकॅलरी लागतात. त्या पाच मिनिटांत आपला अग्नी देतो फक्त ४,५००. उरलेली उष्णता आतील पाण्यातून घेतली जाते, दाब झपाट्याने कोसळतो आणि कढईतील उकळी बसते. कामगार म्हणतो, वाफ कमी पडते, आणि इंधन वाढवितो. थोड्या वेळाने पंप बंद होतो, दाब उसळतो, क्वाथ उतू जातो. हा खेळ दिवसभर चालतो. मंदाग्नीवर क्वाथ करावा हा नियम आपण कागदावर पाळतो, कढईत मात्र अग्नी कधी मंद, कधी तीक्ष्ण होत राहतो. ८० अंशाचे पाणी दिले तर त्याच ५० लिटरांस ३,९०० किलोकॅलरी पुरतात, म्हणजे अग्नीला ते पेलते. पंप ताशी २०० ते २५० लिटरचा घेतला तर धक्का आणखी कमी बसतो. बॉयलरच्या गरजेच्या दुप्पट ते अडीचपट क्षमतेचा पंप घ्यावा. त्याहून मोठा पंप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, असे आमचे मत आहे.

दाब एकदम कोसळल्याचा आणखी एक परिणाम म्हणजे बॉयलरमधील पाणी फेसाळून वाफेबरोबर नळीत येते. ओली वाफ उष्णता कमी देते आणि नळीत साचलेले पाणी वाफेच्या वेगाने पुढे फेकले जाऊन हातोडा मारल्यासारखे आवाज होतात. हे आवाज दुर्लक्ष करण्याजोगे नव्हेत, त्यांनी व्हॉल्व्ह फुटतात. यासाठी बॉयलर ५ किलोच्या आसपास चालवावा आणि कढईजवळ दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावून २ किलो करावा. नळीला वाफेच्या दिशेने शंभरास एक असा उतार द्यावा आणि सकाळी मुख्य व्हॉल्व्ह अगदी हळू उघडावा. २ किलो दाबाच्या वाफेचे तापमान १३३ अंश असते. तैल व घृत पाकात याचा मोठा लाभ आहे. जलांश संपल्यावर भट्टीवर तापमान क्षणात चढून कल्क करपतो आणि पाक खर होऊन बिघडतो. येथे तापमान १३३ च्या वर जाऊच शकत नाही. तैलात फेस येणे, घृतातील फेस शमणे, वात जाळल्यास तडतड न होणे ही लक्षणे मात्र वैद्याने स्वतः पाहावयाची. ते काम यंत्राचे नाही.

काम संपल्यावर कढई लवकर थंड करण्यासाठी भिंतीत पाणी सोडण्याची पद्धत आहे, विशेषतः आसवारिष्टांच्या क्वाथासाठी. उन्हाळ्यात दोनशे लिटर क्वाथ आपोआप कोमट होण्यास रात्र जाते आणि तोवर गुळाचा व धायटीच्या फुलांचा प्रक्षेप करता येत नाही, कारण अधिक उष्णतेत संधानाची जीवसृष्टी मरते. पण वाफ बंद करताच भिंतीतील वाफ आकसते व तेथे निर्वात पोकळी निर्माण होते. अशा वेळी हवा आत घेणारा व्हॉल्व्ह नसेल तर पातळ पत्र्याची कढई आत दबते. प्रथम हवा आत येऊ द्यावी, साचलेले पाणी काढून टाकावे, काही मिनिटे थांबावे आणि मगच पाणी बारीक धारेने, खालून वर, सोडावे. बाहेर येणारे कोमट पाणी भांडी धुण्यास वापरावे.

आता पाण्याच्या गुणाविषयी. आमचा जिल्हा काळ्या पाषाणाचा. विंधनविहिरींचे पाणी बहुधा जड असते. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठची गावे आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालील पाथरी-मानवतचा भाग यांची स्थिती थोडी वेगळी, परंतु तेथेही कालवा वर्षभर वाहत नाही आणि औषधशाळा शेवटी बोअरवरच येते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सूट आहे. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणी बॉयलरला योग्य असेलच असे नाही. बॉयलरला ५ मिलिग्रॅमहून कमी कठीणपणा हवा. हिशोब करून पाहा. ४०० मिलिग्रॅम कठीणपणाचे पाणी रोज ५०० लिटर आत गेले, तर रोज २०० ग्रॅम आणि महिन्याच्या पंचवीस दिवसांत ५ किलो चुना आत राहतो. तो नळ्यांना चिकटतो. एक मिलिमीटर थर बसला की इंधन पाच ते आठ टक्के अधिक लागते, आणि थराखालील लोखंड पाण्याने थंड न झाल्यामुळे तापून मऊ पडते.

सॉफ्टनर बसविणे हा यावरील उपाय सर्वांना ठाऊक आहे. तो मिठाच्या पाण्याने वेळेवर ताजातवाना न केल्यास निव्वळ शोभेची टाकी होते, हेही ठाऊक असावे. तपासणीची लहान पेटी मिळते. थेंब टाकल्यावर पाणी निळे झाले तर मृदू, तांबूस राहिले तर कठीण. सकाळी एक मिनिटाचे काम. परंतु सॉफ्टनर चुन्याच्या जागी सोडियम देतो, एकूण विरघळलेले क्षार कमी करीत नाही. हे क्षार बॉयलरमध्ये साठत जातात आणि सर्वसाधारणपणे लिटरला ३,५०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नयेत म्हणून खालचा व्हॉल्व्ह उघडून काही पाणी बाहेर सोडावे लागते. आत जाणाऱ्या पाण्यात ८०० मिलिग्रॅम क्षार असतील, तर होणाऱ्या वाफेच्या जवळजवळ तीस टक्के इतके उकळते पाणी फेकून द्यावे लागेल! कढईचे ऐंशी टक्के पाणी परत आणले तर मिश्रणातील क्षार १६० वर येतात आणि हेच प्रमाण पाच टक्क्यांखाली जाते. परतीच्या पाण्याचे महत्त्व येथे दुसऱ्यांदा सिद्ध होते. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, २५ अंशाला लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, तर ८० अंशाला ३ च्या आसपास. त्यामुळे नळ्या गंजून छिद्रे पडण्याचे प्रमाणही घटते.

विषयाला थोडे सोडून एक गोष्ट सांगितली पाहिजे. जे पाणी बॉयलरला नको, ते क्वाथाला कसे चालते? ८०० मिलिग्रॅम क्षारांचे ४०० लिटर पाणी आटविले, तर त्यातील ३२० ग्रॅम क्षार पन्नास लिटरांत येतात. काही भाग पांढरा थर होऊन कडांना चिकटतो, पण उरलेला औषधातच राहतो. त्याच क्वाथाचा घन केला आणि तो अडीच-तीन किलो मिळाला, तर त्यात दहा टक्क्यांपर्यंत केवळ बोअरच्या पाण्याचे क्षार असू शकतात. घनाची राख प्रमाणाबाहेर आली की आपण कच्च्या औषधीत माती असल्याचा दोष देतो. दोष पाण्याचाही असू शकतो. सॉफ्टनरचे पाणी क्वाथास वापरणे हा उपाय नव्हे, त्याने सोडियम वाढेल. आपल्या ग्रंथांनी आंतरिक्ष जलाला श्रेष्ठ मानले आहे. छपरावरील पावसाचे पाणी पहिल्या सरी सोडून, गाळून, झाकलेल्या टाक्यात साठविल्यास निदान निवडक कल्पांपुरते ते पुरते. अन्यथा क्षारनिष्कासन यंत्राचे पाणी घ्यावे.

आता जो प्रसंग आम्हाला या सर्व अभ्यासाकडे घेऊन गेला, तो सांगतो. आमच्या औषधशाळेत बॉयलर बसविणाऱ्या कारागिराने पाण्याची टाकी जमिनीवर, पंपाच्या शेजारीच ठेवली होती. पुढे आम्ही हौसेने कढईचे गरम पाणी त्या टाकीत आणून सोडले. हिवाळ्यात सर्व सुरळीत चालले. मे महिन्यात छपरावरील टाकीतून येणारे नवे पाणीच चाळीस अंशाला पोहोचले, टाकीतील पाणी नव्वदीच्या वर गेले आणि एके दुपारी पंप चालू असूनही पाणी ओढीनासा झाला. अत्युष्ण पाणी पंपाच्या तोंडाशी ओढ लागताच तेथेच वाफ होते आणि पंप ती वाफच घुसळीत राहतो. बाहेरून सर्व ठीक दिसते, पंपाचा आवाजही येतो. त्यातच वीज गेली. तेल किंवा वायूचा बॉयलर विजेबरोबर विझतो. आमचा पऱ्हाट्यांवर व लाकडावर चालणारा. जाळीवर भरपूर निखारा होता. पातळी दाखविणाऱ्या काचेत पाणी दिसेना. तेवढ्यात वीज परत आली आणि आमचा कामगार बाहेरच्या नळाची थंड पाण्याची नळी पंपाला जोडण्यास धावला. पंपाला त्या वेळी थंड पाणी मिळाले असते, तर ते लाल झालेल्या पत्र्यावर पडले असते. आमच्यापैकी एकाने त्याचा हात धरला, म्हणून हा लेख लिहिण्यास आम्ही आहोत. पंख्याचे बटण बंद केले, हवेची झडप लावली, निखाऱ्यावर राख व माती टाकून तो दाबला आणि सर्वांना बाहेर काढले. बॉयलर दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावरच उघडला. एका नळीचा जोड ढिला झाला होता.

काचेत पाणी दिसत नसेल तर पाणी घालावयाचे नाही, हा नियम प्रत्येक औषधशाळेत मोठ्या मराठी अक्षरांत बॉयलरसमोर लावावा. लाकूड, पऱ्हाटी किंवा ब्रिकेट जाळणाऱ्यांनी विजेवर न चालणारे पाणी देण्याचे एक साधन, म्हणजे वाफेवर चालणारा इंजेक्टर किंवा हातपंप, ठेवलेच पाहिजे. मराठवाड्याच्या ग्रामीण भागाने २००५ नंतरच्या काही वर्षांत रोजचे दीर्घ भारनियमन सोसले आहे. आज स्थिती सुधारली असली तरी वळवाच्या वाऱ्यात तार तुटणे थांबलेले नाही. इंजेक्टर गरम पाणी उचलीत नाही, याची नोंद घ्यावी. त्यास थंड पाण्याची स्वतंत्र नळी द्यावी, आणि काचेत पाणी दिसत असतानाच तो वापरावा.

कायद्याविषयी थोडक्यात. १९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. २५ लिटरहून कमी धारणेचे, एक किलोहून कमी दाबाचे किंवा पाणी १०० अंशांखालीच तापविणारे पात्र बॉयलर समजले जात नाही. इतर बाबतीत राज्याच्या बाष्पके संचालनालयाशी संबंध येतो. कमी दाबाचे म्हणून विकलेले, पण व्हॉल्व्ह आवळून तीन किलोवर चालविलेले यंत्र ही पळवाट नसून अपघाताची तयारी आहे. सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावण्याचा अधिकार मालकालाही नाही.

प्रसंगानंतर आम्ही केलेले बदल फार खर्चाचे नव्हते. टाकी अँगलच्या अडीच मीटर उंच घडवंचीवर चढविली, त्यामुळे पाणी पंपावर स्वतःच्या भाराने येते व तोंडाशी वाफ होत नाही. पंपाकडील नळी एक आकार मोठी आणि कमीत कमी वळणांची केली. टाकीला काचेचा तापमापक लावला. ८५ अंशांच्या वर काटा गेला की नवे पाणी थोडे अधिक सोडावयाचे, ७० च्या खाली आला की परतीच्या नळीवरील स्टीम ट्रॅप तपासावयाचा. पंप बदलून लहान घेतला. टाकीवर व नळ्यांवर काचलोकराचे आवरण घातले. नोंदवहीत दर तासाला टाकीचे तापमान, दाब व काचेतील पातळी, आणि दिवसातून एकदा पाण्याचा कठीणपणा लिहिला जातो. ज्या व्यवसायबंधूंना ही रचना प्रत्यक्ष पाहावयाची असेल, त्यांनी अवश्य यावे. मात्र क्वाथाच्या दिवशी सकाळी नऊच्या आत यावे, म्हणजे मुख्य व्हॉल्व्ह उघडण्यापासून सर्व पाहता येईल.